झेंडा पनामाचा, डांबर आमच्या किनाऱ्याला

पावसाळी वारे सुटले की जुहू-वर्सोव्यापासून खाली गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर काळेकुट्ट, चिकट डांबरगोळे येऊन पडतात. पायाला लागले तर रॉकेलने घासल्याशिवाय निघत नाहीत. दरवर्षी त्यांची छायाचित्रे छापून येतात, दरवर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसे बाटल्यांत नमुने भरून नेतात आणि दरवर्षी गुन्हेगार मात्र बेपत्ता राहतो. भर समुद्रात कोणत्या जहाजाने टाक्या धुतल्या, कोणी जळके तेल रात्रीच्या अंधारात सोडून दिले, हे शोधणे म्हणे अवघड असते. अवघड? हेल्मेट नसलेल्या पोराचा चौकात फोटो काढून संध्याकाळच्या आत त्याच्या बापाच्या मोबाईलवर दंडाची पावती धाडणाऱ्या या राज्याला दोनशे मीटर लांबीचे जहाज सापडत नाही!

हे अज्ञान नव्हे, हा मस्तवालपणा आहे. प्रत्येक मोठ्या जहाजावर त्याची जागा, वेग आणि नाव क्षणोक्षणी सांगणारे यंत्र लावण्याची सक्ती आहे. समुद्रावरचा तवंग उपग्रहातून दिसतो. कोणत्या टाकीतले तेल कोणत्या किनाऱ्यावर आले, हे रासायनिक चाचणीने ताडून पाहता येते, आणि ते करू शकणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलाला बसली आहे. यंत्र आहे, उपग्रह आहे, शास्त्रज्ञ आहेत. नाही ती एकच गोष्ट : गुन्हेगाराच्या गळ्याला हात घालण्याची इच्छा. कारण त्या गळ्यात कधी पनामाचा झेंडा असतो, कधी लायबेरियाचा, आणि त्या झेंड्यामागे असतो तो मालक ज्याच्याशी आपल्या सरकारांना पुढचा करार करायचा असतो.

वाचकांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठवावा. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी, मुंबई बंदराच्या तोंडाशी, ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात कोसळले, काहींत कीटकनाशके होती, आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. हे तेल म्हणजे दिव्यातले किंवा मोटारीतले नव्हे. तेलशुद्धीकरणात पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतल्यावर तळाशी जो डांबरासारखा गाळ उरतो, तो ही जहाजे जाळतात. पाण्यावर पडला की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेला पाण्यात घुसळून दाट लगदा होतो आणि भरतीबरोबर तिवरांत शिरतो. तिवरांची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. त्या मुळांना या गाळाचा लेप बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरते. उरण, घारापुरी, अलिबाग येथे हेच झाले. मासेमारीची बंदी उठायची वेळ, नारळी पौर्णिमा तोंडावर, होड्या रंगवून तयार, आणि मुंबईकरांनी मासळी खाणे सोडले! तिसऱ्या आणि कालवे वेचून घर चालवणाऱ्या बायकांचे तर कोणत्याच पंचनाम्यात नाव नसते. त्यांच्याकडे ना होडी, ना परवाना, ना सातबारा.

यातून सरकार शहाणे झाले असेल, असे एखाद्या भाबड्याला वाटले असेल तर त्याने पुढचे वर्ष पाहावे. २०११ च्या जूनमध्ये भंगारात निघालेले ‘विस्डम’ हे जहाज दोर तुटून जुहूच्या वाळूत येऊन बसले. जुलै संपता संपता ‘पवित’ नावाचे तेलवाहू जहाज त्याच जुहूला आले. ओमानच्या बाजूला खलाशांनी सोडून दिलेले हे माणूसविरहित जहाज नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस अशी तिन्ही कडी ओलांडून वाहत वाहत थेट मुंबईच्या अंगणात पोहोचले, आणि तोवर कोणाला पत्ता नव्हता. २६/११ ला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर ‘रॅक कॅरिअर’ बुडाले.

या रॅकची कुंडली मुळातून वाचण्यासारखी आहे, कारण जगाच्या ऊर्जाव्यवहाराचे सगळे पाप तिच्यात एका ठिकाणी मांडलेले आहे. झेंडा पनामाचा. कंपनी कतारची. पोटात इंडोनेशियातून आणलेला ६० हजार टन कोळसा. जायचे गुजरातेत दहेजला, अदानींच्या कंपनीकडे. आणि बुडाले कुठे, तर रायगड-मुंबईच्या कोळ्यांच्या मासेमारीच्या पाण्यात! जहाजावर सुमारे २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल होते. तवंग किनाऱ्याला लागला, कोळसा तळाला गेला. त्या कोळशाचा एक युनिट उजेड रायगडातल्या कोणत्याही कोळीवाड्याला मिळणार नव्हता, पण त्याची काजळी मात्र त्यांच्या जाळ्यात आली. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या कंपनीला १०० कोटी आणि अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी भरपाईचा आदेश दिला. लवादाचे अभिनंदन. पण तिथे दाद मागायला गेले कोण? ज्याचा समुद्र नासला ते महाराष्ट्र सरकार? नाही. मुंबईतला एक नागरिक गेला. सातशे वीस किलोमीटरची किनारपट्टी, मंत्री, सचिव, १९९६ पासून असलेले सागरी मंडळ, वकिलांची फौज, आणि फिर्यादी कोण तर एक साधा माणूस!

केरळकडे पाहून तरी यांना लाज वाटावी. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा-३’ कोचीजवळ बुडाले, झेंडा लायबेरियाचा, सहाशेहून अधिक कंटेनर. केरळ सरकारने दुखवट्याचे पत्रक काढून हात झटकले नाहीत. ते उच्च न्यायालयात गेले, ९,५३१ कोटींचा दावा ठोकला आणि त्याच कंपनीचे दुसरे जहाज बंदरात अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. त्या आकड्यातला किती रुपया अखेर मिळेल ते न्यायालय ठरवील. परंतु दावा ठोकायला पाठीचा कणा लागतो, आणि तो तिरुवनंतपुरमला मिळतो तर मुंबईला का मिळत नाही, याचे उत्तर मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याने द्यावे.

सांगलीच्या हळदपेठेत शेतकऱ्याच्या हाती जी हिशेबाची पट्टी पडते, तिच्यात हमाली कापलेली असते, तोलाई कापलेली असते, पोत्याची किंमतही कापलेली असते. गरीब माणसाकडून वजावटीत एक पै सुटत नाही. आता जगातल्या तेलाची पट्टी पाहा. रोज दहा कोटी पिंपांहून अधिक तेल जग जाळते. त्या पट्टीत तिवरांची वजावट नाही, बुडालेल्या हंगामाची नाही, तापलेल्या समुद्राची नाही, पुराची नाही. एवढ्या सगळ्या वजावटी फुकट सोडल्यावर तेल स्वस्तच पडणार! आणि मग शहाजोग अर्थतज्ज्ञ आम्हाला ऐकवणार की सूर्य आणि वारा बाजारात टिकत नाहीत.

हा प्रकार फक्त आमच्याकडेच घडतो असेही नाही. मॉरिशसचे उदाहरण आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल, कारण तिथे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, उसाच्या मळ्यांत मजुरीला म्हणून दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी नेलेल्यांचे ते वंशज. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे जहाज तिथल्या प्रवाळावर चढले. झेंडा? पनामाचाच. जहाज रिकामे होते, ब्राझीलला लोखंडाचे खनिज भरायला चाललेले. जे सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन, सुमारे हजार टन. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याच्या इतके जवळ आणले होते, असे चौकशीत पुढे आले. बारा दिवस ते तसेच अडकून होते, मग फुटले. तेव्हा गावोगावचे लोक उसाचे पाचट पोत्यांत भरून, ती पोती शिवून, तेल अडवायचे तरंगते बांध करू लागले. लोकांनी डोक्याचे केस कापून दिले. आमच्याकडे ज्या पाचटाला ऊस तुटल्यावर काडी लावली जाते, त्या पाचटाने एका बेटाने आपली खाडी वाचवण्याची धडपड केली. शिक्षा झाली ती कप्तानाला आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, वीस महिन्यांची. मालक तुरुंगाच्या दारापर्यंतही गेला नाही.

आपल्या देशात तर पाचटही नाही, बादली. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किनाऱ्यावरचा तेलकट चिखल माणसे बादल्यांनी उपसताना सगळ्या जगाने पाहिली. तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्ती आराखडा १९९६ पासून आहे. वीस वर्षांच्या आराखड्यानंतर हातात बादली!

आणि हेच सत्ताधारी जागतिक परिषदांत जाऊन कार्बनमुक्तीच्या आणाभाका घेतात. डिसेंबर २०२३ ची दुबईची हवामान परिषद आठवा. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा ठराव तिथे टाळ्यांच्या गजरात झाला. अध्यक्ष कोण? सुलतान अल जाबेर, अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे, ‘अ‍ॅडनॉक’चे, प्रमुख. आता ही अ‍ॅडनॉक आम्हा महाराष्ट्रीयांना परकी नाही. याच कंपनीने जून २०१८ मध्ये सौदी अराम्कोच्या जोडीने रत्नागिरीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात भागीदारीचा करार केला होता. वर्षाला सहा कोटी टनांचा प्रकल्प! आधी नाणार, तिथे लोक उठले म्हणून मग बारसू. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बाया रणरणत्या उन्हात जमिनीवर पडून राहिल्या आणि पोलिसांनी त्यांना फरफटत नेले. ज्या सड्यावरची कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्याच सड्यावर यंत्रे चढवली. त्याआधी फेब्रुवारीत, या प्रकल्पाविरुद्ध लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले आणि खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. नाणारला विरोध करून सत्ता मिळवायची, सत्तेत बसून बारसूच्या जागेचे पत्र दिल्लीला धाडायचे आणि सत्ता गेली की बारसूच्या आंदोलकांना भेटायला जायचे, हाही तमाशा आम्ही पाहिला. विरोधी बाकावर असताना पर्यावरण आणि सत्तेवर आल्यावर अराम्को, हा सर्वपक्षीय कार्यक्रम आहे.

सहा कोटी टनांची भट्टी म्हणजे पाच-दहा वर्षांचा खेळ नसतो. ती एकदा पेटवली की तीस-चाळीस वर्षे तिला तेल पाजावे लागते. २०७० पर्यंत शून्य उत्सर्जन असे ग्लासगोला २०२१ मध्ये सांगून आलेल्यांनी हा हिशेब कधी केला होता काय? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने त्याच वर्षी स्पष्ट बजावले होते की शतकाच्या मध्यापर्यंत शून्यावर यायचे असेल तर नव्या तेलक्षेत्रांची जगाला गरज नाही. ही संस्था काही आंदोलकांनी काढलेली नाही. ती तेल विकत घेणाऱ्या श्रीमंत देशांची संस्था आहे.

जहाजांच्या धुराचे तर विचारूच नका. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत एप्रिल २०२५ मध्ये जहाजांच्या कार्बनवर किंमत लावण्याचा आराखडा संमत झाला. पट्टीत पहिली वजावट लागणार, असे वाटू लागले होते. ऑक्टोबरात अंतिम मंजुरीची वेळ आली तेव्हा अमेरिकेने आयातशुल्काची आणि व्हिसाबंदीची धमकी दिली, सौदी अरेबियाने पुढे ढकलण्याचा प्रस्ताव आणला आणि विषय वर्षभर लांबणीवर पडला. ज्या अमेरिकेने शतकभर सगळ्यात जास्त धूर सोडला, तिने आता इतरांना धूर मोजूही द्यायचा नाही, असे ठरवले आहे. तिच्याकडून कार्बनवर प्रवचन ऐकून घेण्याचे भारताला काहीच कारण नाही. आमच्या माणशी धुराचा आकडा तिच्या जवळपासही जात नाही. पण अमेरिका निर्लज्ज आहे, हा आमच्या बंदरातल्या बेशिस्तीला मिळालेला परवाना नव्हे. देश आपल्या कच्च्या तेलातले शंभरात पंच्याऐंशीहून अधिक बाहेरून आणतो. युक्रेन युद्धानंतर स्वस्त म्हणून रशियन तेलावर उड्या पडल्या. त्या व्यापारात जुनाट, मालक धड न कळणारी, विम्याचे कागद संशयास्पद असलेली जहाजे किती वापरली जातात, हे जगजाहीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केर्चच्या सामुद्रधुनीत अशीच म्हातारी रशियन जहाजे वादळात मोडली आणि हजारो टन काळे तेल किनाऱ्यावर आले. तसले एखादे उद्या रत्नागिरीसमोर मोडले, तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवणार?

सांगलीच्या विश्रामबागेत बसून समुद्रावर गर्जना करण्याचा यांना काय अधिकार, असे कोणी विचारील. इथून समुद्र दिसत नाही, मध्ये अख्खा सह्याद्री आहे. बरोबर. पण समुद्राला विश्रामबाग दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे तापणाऱ्या अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाची लाट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातली घरे माळ्यापर्यंत बुडाली, ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. विश्रामबाग त्या मानाने उंचावर, म्हणून निम्मी सांगली इकडे आसऱ्याला आली. २०२१ ला पुन्हा तेच. दर पुरानंतर आम्ही कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावाने शंख करतो. अलमट्टीच्या उंचीचा प्रश्न खरा आहे आणि तो लढलाच पाहिजे. पण पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने अतिवृष्टीकडे आणि पूररेषेतल्या बांधकामांकडे बोट दाखवले, तेव्हा किती पुढाऱ्यांनी तो अहवाल उघडून पाहिला? कर्नाटकाला शिव्या देणे सोपे असते, तेल कंपन्यांना आणि आपल्याच बिल्डरला देणे अवघड जाते.

आणि आमचे हात तरी कुठे स्वच्छ आहेत? गाड्यांचे जळके ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. प्रत्यक्षात ते गॅरेजमागच्या गटारात जाते, गटार नाल्याला मिळते, आणि सांगलीत नाला म्हटला की शेरीनाला आणि शेरीनाला म्हटला की कृष्णा. मधली धरणे अडवतील तेवढे अडवतील, उरलेले बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. कोळ्यांच्या बाजूने बोलणाऱ्या सांगलीकराने आपल्या गाडीचे ऑईल बदलताना जुने कुठे ओतले हे एकदा विचारावे. महापालिकेने प्रत्येक गॅरेजच्या दारात संकलनाचे पिंप ठेवायला रॉकेटशास्त्र लागत नाही.

सह्याद्रीच्या या अंगाला कोळशाला पर्याय नव्हता असेही कोणी म्हणू नये. १९६० मेगावॉटची कोयना आहे, जिचे पाणी वीज करून वाशिष्ठीतून त्याच अरबी समुद्राला जाते. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळला एन्रॉनने १९९९ मध्ये परदेशी इंधनाची, डॉलरच्या भावाची वीज सुरू केली आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळला. एकाच नदीच्या काठावर दोन्ही धडे लिहिलेले आहेत, वाचणारे नाहीत. वनकुसवडे, चाळकेवाडी, ढालगाव येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा सातारा-सांगली देशात पुढे होते. आज त्यांतली कित्येक यंत्रे काही शे किलोवॉटची, म्हातारी, तर आताचे एकच यंत्र दोन-तीन हजार किलोवॉटचे. जुनी काढून नवी बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ चे, ते २०२३ मध्ये सुधारले, आणि पठारावर ती जुनीच पाती घरघरत आहेत. त्याच दुष्काळी माळाला म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांचे पाणी चढवायचे तर वीजबिलाचा ८१ टक्के शासन, १९ टक्के शेतकरी असा झगडा दर हंगामाला. दिल्लीने २०२५ मध्ये जाहीर केले की देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा-तेल-वायूविना आहे. चांगली गोष्ट. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून जवळपास तीन-चतुर्थांश कोळशाचीच आहे, आणि कोळशाचे देशी उत्पादन २०२४-२५ मध्ये शंभर कोटी टनांच्या पुढे गेल्याचा उत्सवही याच सरकारने साजरा केला. एका हाताने सूर्याला अर्घ्य, दुसऱ्या हाताने कोळशाची पाटी!

वाढवणला ७६ हजार कोटींचे बंदर येते आहे. म्हणजे आणखी जहाजे, आणखी तळाचा गाळ जाळणारी इंजिने आणि आणखी अपघात. तेव्हा कार्बनमुक्तीची भाषणे पुरे. आम्हाला तीन गोष्टी हव्यात. महाराष्ट्राच्या बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी झेंड्याच्या जहाजाकडून गळतीची हमी रोख किंवा बँकेची, आधी. तेल सांडले तर कोळीवाड्यांना आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना महिन्याच्या आत पैसे, ते जहाज कंपनीकडून नंतर वसूल करायचे काम सरकारचे. आणि २०१० पासूनच्या प्रत्येक सागरी अपघातात किती भरपाई ठरली, किती आली, कोणाला वाटली, याची श्वेतपत्रिका विधिमंडळाच्या पटलावर.

सांगली जिल्ह्यातून निवडून गेलेल्या एकाने तरी येत्या अधिवेशनात उभे राहून विचारावे : चित्राच्या तेलाचे पैसे कोणी दिले, किती दिले आणि उरणच्या कोळणीच्या हातात त्यातले किती पडले? प्रश्न मतदारसंघाबाहेरचा आहे म्हणून कोणी खाली बसा म्हणाले, तर बसू नये, आयर्विन पुलाचा ५७ फुटांचा आकडा सभागृहात वाचून दाखवावा.